बिनविम्याची बारा वर्षं

आधीच सांगतो, मी विमा एजंट नाही आणि कुणाला पॉलिसी चिकटवायला हे लिहीत नाहीये. लातूरला ट्युशन एरियात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, दोन मशीन, एक कॉम्प्युटर, मेडिकलच्या नीट परीक्षेच्या पोरांचे टेस्ट पेपर आणि नोट्स काढून देतो. डिसेंबर २०१२ ते डिसेंबर २०२४ आमच्या घरात कुणाचाच आरोग्य विमा नव्हता. लोक म्हणतात माहिती नसती म्हणून माणसं विमा घेत नाहीत. मला सगळं माहिती होतं ओ. त्याच्या आधी पाच वर्षं मी चाकणला कंपनीत होतो, तिथं ग्रुप मेडिक्लेम होता दोन लाखाचा, आमच्या पोरीच्या वेळचं बायकोचं बाळंतपण त्याच्यातच झालं, खिशातून फक्त पेढे आणले. म्हणजे विमा काय असतो ते मी वापरून बघितलेला माणूस.

राजीनामा दिला त्या दिवशी आयकार्ड जमा केलं, लॉकरची चावी जमा केली, सही केली, आणि मेडिक्लेमबी तिथंच राहिला. नोकरी सुटली तरी त्याच विमा कंपनीत ग्रुपमधून स्वतःच्या पॉलिसीवर जाता येतं आणि मागची वर्षं धरली जातात, हे मला बारा वर्षांनी कळलं. एचआरवाल्यानं सांगितलं नाही, पण मी तरी कुठं विचारलं, माझ्या डोक्यात दुकानाचं डिपॉझिट चालू होतं.

मग काय, दरवर्षी एक कारण, आणि त्यातलं एकबी कारण खोटं नव्हतं. २०१३ ला मशीनचे हप्ते. तेव्हा एका ओळखीच्यानं तिघांचा तीन लाखाचा प्रिमियम काढून दिलता, आठ हजाराच्या आतबाहेर होता, तो कागद अजून माझ्याकडं आहे, त्याच्या पाठीमागं मी टोनरचा हिशोब लिहून ठेवलाय. २०१४, २०१५ पाऊसच नाही, गावाकडून पोतं यायचं ते उलट इथून पैसे गावाकडं जायला लागले. २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं हे सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, आम्ही ते रांगेत घागरी घेऊन बघितलं, त्या उन्हाळ्यात टँकरला जेवढे गेले तेवढ्यात विमा आला असता, पण पाणी आज लागतं आणि विमा कधीतरी, मग माणूस काय घेईल. २०२० ला लॉकडाऊन, क्लासेस बंद, पोरं आपापल्या गावी, ट्युशन एरियात कुत्रं फिरत नव्हतं आणि दुकानाचं भाडं चालू. प्रत्येक वेळी आमचं ठरलेलं वाक्य, पुढच्या दिवाळीला बघू.

मधलं २०१८ मुद्दाम सोडलं, ते नीट सांगायचंय.

सप्टेंबर महिना, पोळ्याला दोन दिवस होते. गावाकडून धाकट्या भावाचा फोन, आण्णाच्या (आमच्या वडिलांच्या) छातीत दुखायलंय, घामानं सदरा भिजलाय. कुणाची तरी जीप करून लातूरला आणेपर्यंत दीड तास गेला, मी चौकात उभा होतो, रस्त्यावर पहिलं जे मोठं हॉस्पिटल दिसलं तिथं नेलं. त्या वेळेला कुठलं हॉस्पिटल कुठल्या योजनेच्या यादीत आहे ते कुणी बघत नसतं. ईसीजी झाला, अँजिओग्राफी झाली, डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, एक नस नव्वद टक्के बंद, अँजिओप्लास्टी करावी लागंल, एक लाख आत्ता भरा. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं मेडिक्लेम आहे का, मी नाही म्हणलं, तिनं फॉर्मवर "कॅश" असं लिहून गोल केला. पुढचे चार दिवस मी त्या गोलाच्या मागं पळालो. बायकोचं गंठण बँकेत तारण, मेव्हण्याकडून हातउसने, एकाकडून तीन टक्क्यानं, महिन्याला तीन टक्के बरं का, वर्षाला नाही. स्टेंटचे भाव सरकारनं २०१७ लाच बांधून दिलते, तीस हजाराच्या आसपास, बिलात स्टेंट तेवढ्यालाच होता, पण बाकीच्याला कोण बांधणार, सगळं मिळून औषधासकट दोन लाख चौदा हजार झाले. धाकट्यानं गावात पोळा केला, बैलांची शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली, आणि पुढच्या बाजाराला हाळीला नेऊन जोडी विकली.

त्याच्यानंतर दीड-दोन महिन्यांनी शेजारचा सलूनवाला ॲडमिट होता म्हणून दुसऱ्या एका हॉस्पिटलला बघायला गेलतो, पहिल्या हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं. दारातच एक टेबल, मागं फ्लेक्स, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना, आणि एक पोरगा बसलेला, आरोग्यमित्र, म्हणजे त्या सरकारी योजनेची माहिती देणारा. सलूनवाल्याच्या मुलाला टॉयलेटला जायचं होतं म्हणून मी उगीच उभा होतो तर फ्लेक्स वाचायला लागलो. अँजिओप्लास्टी यादीत. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. मी त्या पोराला विचारलं, केशरी कार्ड चालतं का? तो म्हणला, पिवळं, केशरी चालतं, आपल्या भागातल्या शेतकऱ्याचं पांढरंबी चालतं सातबारा असला की, पेशंट कोण आहे तुमचा? मी म्हणलं, होता, झालं त्याचं, पैसे भरून. त्यानं वर बघितलं, म्हणला, "मग इथं आणायचं ना ओ काका."

आण्णाचं कार्ड केशरी होतं. घरात पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं २०१२ ला निघाली, पहिल्या आठ जिल्ह्यांत तर शेजारचं नांदेड होतं, २०१३ ला सगळ्या राज्यात आली, नंतर नाव बदललं, आणि मी दुकानात बसून लोकांना तिच्या जाहिराती झेरॉक्स करून दिल्या असतील, वाचल्या नाहीत. आण्णाला हे मी कधीच सांगितलं नाही. बैल गेल्याचं ते वर्षभर काढत होते, त्यात आणखी हे कशाला. २०२१ ला ते गेले, कोरोनानं नाही, झोपेतच.

तरीबी मी विमा घेतला नाही, हे बघा. दोन लाख चौदा हजाराचं देणं फेडायलाच तीन वर्षं लागली, आणि फेडत असताना विम्याला बाजूला पैसे कुठून काढायचे. ज्याला एकदा फटका बसतो तो शहाणा होऊन विमा घेतो असं नसतं, त्याच्याकडं तर आधीपेक्षा कमी पैसे असतात. २०२२ ला मला मुतखडा झाला, एकसष्ट हजार, तो पुन्हा कॅश, त्यात रडण्यासारखं काही नाही, फक्त दुखतं लई.

खरं वळण आलं ते २०२४ च्या गणपतीत. आमच्या गल्लीतल्या मंडळानं फुकट तपासणी शिबिर ठेवलतं, मी वर्गणीचे पैसे दिलते म्हणून पोरं म्हणाली काका तुम्ही पहिले बसा. बोटाला टोचलं, मशीनवर शुगर २६८. जेवून आलो होतो, मोदक खाल्लेले, म्हणलं मोदकाची असंल. डॉक्टरीणबाई म्हणल्या मोदकाची एवढी नसती, तीन महिन्याची सरासरी काढून घ्या. एचबीएवनसी ८.९ आली. त्रेचाळीस वय, तंबाखू चालू, बाप हार्टचा. त्या रात्री बायको जेवताना काही बोलली नाही, ताट उचलताना एवढंच म्हणली, "दिवाळीची वाट बघायची नाही आता."

एजंट माझ्या शाळेतला मित्र. दुकानातच आला, शटर अर्धं खाली ओढून बसलो, तो मोबाइलवर फॉर्म भरायला लागला. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, मग प्रश्न आला, कुठला आजार आहे का, औषध चालू आहे का. मी शुगर म्हणलं तसं त्यानं मोबाइल खाली ठेवला. म्हणला, "किती दिवस झाले कळून?" पंधरा दिवस. "मग कुणाला माहितीय? नाही लिहू. लिहिलं की मेडिकल लागंल, लोडिंग म्हणजे आजाराचा जादा प्रिमियम लागंल, नाहीतर रिजेक्टच. नाही लिहून टाकू, पाच वर्षं झाली की कंपनीला उकरून काढता येत नाही, नियमच आहे." नियम खरा आहे, २०२४ पासून ते मोरॅटोरियम आठ वर्षांचं पाच वर्षं झालंय, सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही, हे त्यानं सांगितलं नाही. आणि साठ महिने काहीच होणार नाही याची गॅरंटी तो देणार होता का.

मला खरं तर मोह झालता, लपवून काय करायचं. पण बायको पाठीमागं स्पायरल बाइंडिंग करत बसली होती, ती म्हणली, भाऊजी, सलूनवाल्याचं काय झालं माहिती आहे ना. सलूनवाल्यानं असंच नाही लिहिलं होतं. ॲडमिट झाला तेव्हा रात्रीच्या डॉक्टरनं विचारलं शुगर किती वर्षांपासून, त्याच्या मुलानं आपलं अंदाजानं सांगितलं, असंल की चार-पाच वर्षं. डॉक्टरनं केसपेपरवर तेच लिहिलं, तोच कागद कंपनीला गेला आणि क्लेम तिथंच मेला, पॉलिसी दोनच वर्षांची होती ना. तुम्ही फॉर्मवर काय लिहिता त्याच्यापेक्षा तुमचं पोरगं रात्री दोन वाजता घाबरून डॉक्टरला काय सांगतं त्याच्यावर सगळं असतं. नाकारलेल्या क्लेमची दाद मागायला बीमा लोकपाल असतो, आपल्याला पुण्याचं ऑफिस, आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग वर्षाच्या आत तिकडं, फी काही नाही. सलूनवाल्याला मी तो अर्ज टाईप करून देतो म्हणलं होतं, तो म्हणला लपवलं तर मीच होतं, कुठल्या तोंडानं जाऊ.

तर "हो" लिहिलं. मित्र जरा नाराज झाला, पण भरला फॉर्म.

मग मेडिकल. सकाळी उपाशीपोटी लॅबचा पोरगा घरी आला, रक्त, लघवी, ईसीजीला सेंटरवर जायचं. दोन दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरचा फोन, हिंदीतून, आवाज रेकॉर्ड होतोय असं आधीच सांगितलं. कुठलं ऑपरेशन? मुतखडा. वडिलांना काय होतं? हार्ट. आप तंबाखू का सेवन करते हैं? आता फोन स्पीकरवर, समोर बायको, बाजूला पोरगी दहावीचा अभ्यास करायली. मी म्हणलं, कभी कभी. डॉक्टर म्हणली, कभी कभी मतलब दिन में कितनी बार? पोरगी पुस्तकातून मान वर न काढता म्हणली, "पुडी दोन दिवसांत संपती." रेकॉर्ड झालं असंल तेबी. नंतर त्या कंपनीचा मेसेज आला, आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, पैसे परत. कारण एका ओळीत, वैद्यकीय अहवाल.

इतकं वाईट त्या बिलांच्या वेळीबी वाटलं नव्हतं. बारा वर्षं मी विम्याला नाही म्हणत होतो, आणि ज्या दिवशी हो म्हणलं त्या दिवशी विमा मला नाही म्हणला.

मित्रानं मग कामाचं सांगितलं, उगी चार कंपन्यांकडं अर्ज टाकू नको, प्रत्येक फॉर्मवर विचारतात आधी कुणी नाकारलंय का, आधी शुगर खाली आण, तीन महिन्यांनी बघू. सकाळी सहाला नाना-नानी पार्कला जायला लागलो, गोळी चालू, भात बंद, चहा बिनसाखरेचा, तंबाखू पण सोडली, म्हणजे बऱ्यापैकी सोडली. पार्कात गेलं की कळतं लातूरचं निम्मं व्यापारी मंडळ शुगरचं आहे, गंजगोलाईच्या बाजारातली सगळी दुकानं तिथं चप्पल घालून फिरायलेत. डिसेंबरात ७.२ आली. दुसऱ्या कंपनीला अर्ज टाकला, पहिल्यानं नाकारलं हेबी लिहिलं, पुन्हा रक्त, पुन्हा फोन, आणि यावेळी मंजूर, माझ्या वाट्यावर लोडिंग लावून. तिघांचा मिळून पाच लाखाचा फ्लोटर, म्हणजे एकाच रकमेत तिघं, कर धरून तेवीस हजार आठशे चाळीस. त्यातला छत्तीसशेच्या वर निव्वळ जीएसटी होता, तेव्हा अठरा टक्के होता.

पॉलिसीची पीडीएफ आली सत्तेचाळीस पानांची. मी ती प्रिंट काढली, मशीन आपलंच आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की हायलायटर घेऊन बसायचो. लोकांनी विचारावं आणि विचारत नाहीत असं त्यात काय निघालं ते सांगतो. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघे बदलणं असल्या ठरावीक गोष्टींना दोन वर्षं थांबायचं. आणि माझी शुगर, तिच्यामुळं जे काही होईल, किडनी, डोळे, पायाची जखम, त्याला तीन वर्षं. पूर्वी कंपन्या चार वर्षांपर्यंत थांबवू शकायच्या, एप्रिल २०२४ पासून तीनच्या वर नाही, तेवढं आमचं नशीब. म्हणजे ज्या गोष्टीच्या भीतीनं मी विमा घेतला ती सोडून बाकी सगळ्याचा विमा मला मिळाला. दुसरं म्हणजे रूमचं भाडं. ज्या पॉलिसीत रूमला मर्यादा असती आणि तुम्ही त्याच्यावरची रूम घेतली तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचं बिलबी कापतात. हे मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, लोकांना वाटतं हा कमिशन खातो.

मधल्या काळात आईचं बघायला घेतलं. ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड चालू केलं, उत्पन्नाची अट नाही, राशन कार्डाचा रंग नाही, फक्त आधारवर सत्तर पूर्ण पाहिजेत, पाच लाख. म्हणलं हे सोपंय. सेवा केंद्रावर आईला घेऊन बसलो, तिचे अंगठे उठेनात, खुरपं धरून धरून बोटं गुळगुळीत झालीत, मग चेहऱ्यानं करू म्हणला पोरगा. आधार टाकलं आणि तो थांबला. जन्मतारीख ०१/०१/१९५७. सत्तर होत नाहीत.

आता आईचा हिशोब ऐका. ती म्हणती, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, तुझी अक्का पोटाशी होती, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि मी तवा वीस वर्षाची जाणती बाई होते. आधारप्रमाणं ती तेव्हा पंधरा वर्षांची. आधार काढायला आलेल्या पोरानं तेव्हा आजीबाई वय किती विचारलं असंल, हिनं काहीतरी सांगितलं असंल, त्यानं एक जानेवारी टाकून दिलं. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो, आणि शाळेत गेलेल्यांचा एक जूनला. तारीख बदलायला जन्माचा पुरावा पाहिजे, ती शाळेची पायरी चढली नाही, टीसी कुठून आणू. सेवा केंद्रातून उठताना आई म्हणली, "म्हातारी हाय का नाही ते बी कागदालाच इचारायचं का?"

मग राशन कार्डाकडं वळलो. १ जुलै २०२४ पासून राज्याची योजना सगळ्या रंगाच्या कार्डाला लागू झाली, पांढऱ्यालासुद्धा, आणि दीडचे पाच लाख झाले. आईचं नाव केशरी कार्डावर आहे, म्हणजे ती त्यात बसती. यावेळी मी आरोग्यमित्राला आधीच जाऊन भेटलो, कुठल्या हॉस्पिटलात कुठला आजार होतो ते वहीत लिहून आणलं, कारण योजनेतलं हॉस्पिटल असलं म्हणजे तिथं सगळंच होतं असं नाही, एखाद्याकडं हार्ट आहे पण किडनी नाही. हेल्पलाइनचा नंबर १५५३८८ फ्रिजवर चिकटवलाय. माझं नावबी त्याच गावाकडच्या कार्डावर होतं, बायकोचं आणि पोरीचं कुठंच नव्हतं, लग्न होऊन सोळा वर्षं झाली तरी. नाव कमी करायचा दाखला, नवीन कार्डाचा अर्ज, साडेचार महिने. पांढरं मिळालं. त्यावर धान्य नाही, पण हॉस्पिटलसाठी चालतं.

एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि ती कुणी नीट सांगत नाही. सरकारी योजनेत जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो, शुगर आहे म्हणून तीन वर्षं थांब असं नाही. म्हणजे माझ्या शुगरचं काही झालं तर या तीन वर्षांत मला वाचवणारं ते पांढरं कार्डच आहे, तेवीस हजाराची पॉलिसी नाही. मग पॉलिसी कशाला, असं बायकोनंच विचारलं. कारण योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असती, त्यात नसलेलं खिशातून, आणि रात्री-बेरात्री जवळ जे असंल ते हॉस्पिटल योजनेतलं असंलच असं नाही, ते तर आम्ही भोगलंय. दोन्ही पाहिजेत. ज्याला एकच परवडतंय त्यानं आधी राशन कार्ड नीट करावं, असं माझं मत झालंय, एजंट मित्राला हे आवडत नाही.

गेल्या सप्टेंबरात, २०२५ ला, मराठवाड्यात जो पाऊस झाला तो काय वेगळा सांगायला नको. पाणी ओसरलं आणि पोरीला ताप. डेंग्यू, प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार. ॲडमिट करताना काउंटरवर पुन्हा तोच प्रश्न, मेडिक्लेम आहे का? मी हो म्हणलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला, बाजूची बाई बघायला लागली. आधार, पॅन, ई-कार्ड, सह्या, कंपनीकडून एक प्रश्न आला, ताप कधीपासून, आधी कुठला आजार, आणि तासाभरात सुरुवातीची मंजुरी आली. नियमच तसा आहे आता, कॅशलेसला, म्हणजे कंपनी परस्पर हॉस्पिटलला भरती त्याला, तासात उत्तर आणि डिस्चार्जला तीन तासात. फक्त ते तीन तास कधी मोजायला सुरुवात होती ते कुणी सांगत नाही. डॉक्टर सकाळी दहाला म्हणले घरी जा, हॉस्पिटलमधून फाइल कंपनीला गेली चार वाजता, आम्ही तोवर पिशव्या भरून, चादर घडी घालून पलंगाच्या कडेला बसलेलो, सासूबाईंनी आणलेली भाकरी दोन वेळा खाल्ली. साडेसहाला सुटलो. बिल एकेचाळीस हजार तीनशे, कंपनीनं छत्तीस हजार नऊशे दिले, चव्वेचाळीसशे माझे. त्यात हातमोजे, मास्क, थर्मामीटर, सुई चिकटवायची पट्टी, आणि एक होतं ॲडमिशन किट चारशे ऐंशी, ते किट म्हणजे एक साबण, एक कंगवा आणि एक प्लास्टिकचा मग. मग आणलाय घरी. बाथरूमला आहे.

डिसेंबरात रिन्यूअल केलं. कंपनीनं मूळ प्रिमियम वाढवलता, पण २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, त्यामुळं एकवीस हजार आठशेत भागलं, मागच्यापेक्षा कमीच. मुदत संपायच्या आठ दिवस आधी भरले. बायकोनं नवीन कॅलेंडर आलं तसं मागच्या पानावर लिहिलंय, डिसेंबर २०२७, यांची शुगर चालू. तिला म्हणायचं होतं शुगरचा विमा चालू. आईचे आधारवरचे सत्तर पण २०२७ लाच होतात, तेबी तिनं खाली लिहून ठेवलंय.

आता उरलाय धाकटा. त्याला, त्याच्या बायकोला, दोन लेकरांना काहीच नाही. संक्रांतीला गेलतो तर विषय काढला, तो हसला नुसता. सोयाबीन सगळं पाण्यात गेलेलं, जमीन खरवडून गेली, त्याला मी बावीस हजाराची पॉलिसी घे म्हणायचं तोंड तरी आहे का मला. मी म्हणलं विम्याचं राहू दे, कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का ते बघू. पेटी काढली, तीच पत्र्याची, प्लास्टिकची पिशवी. आईचं, त्याचं, बायकोचं, थोरलीचं नाव आहे. लहान्याचं नाही. सहा वर्षांचा झाला, कुणी घातलंच नाही. का नाही घातलं विचारलं तर म्हणला, त्याच्या आधारला पाच वर्षांनंतरचे अंगठे द्यायचेत म्हणे, मग म्हणलं सगळं संगंच करावं.

तर मंगळवारी दुकान बायकोवर सोडून गावाकडं जायलोय. आधी लहान्याचे अंगठे, मग तहसील. सोमवारी सर्व्हर बंद असतंय म्हणला धाकटा.